सामंतकाकांचा चोर

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे सामंतकाका ज्या देशाचे गुन्हे मोजतात, त्या देशाचं नाव त्यांनी आम्हांला आजतागायत सांगितलेलं नाही. "बेट आहे, लहान आहे, समुद्र झकास आहे. एवढं पुरे," म्हणतात. फारच खोदून विचारलं तर चेहरा दुखावल्यासारखा करतात. "अगं मुग्धा, तिथे चोऱ्या करणारा माणूस एकच. चोऱ्यांचा आकडा सांगितला की चोराचं नाव सांगितल्यासारखंच होतं. कशाला बदनामी करायची गरिबाची?"

काका मूळचे देवगडचे. संख्याशास्त्र शिकायला नेदरलँड्सला आले, पीएचडी झाली, लग्न राहून गेलं आणि द हेगमधल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत चिकटले. मोठमोठे देश मोठमोठ्या साहेबांनी वाटून घेतले आणि कुणालाच नको असलेलं हे बेट काकांच्या पदरात पडलं. संस्थेला वर्षातून एकदा आकडे मिळाले तरी चालायचे. काकांना महिन्याच्या महिन्याला लागायचे. तिथे ते कधी गेलेले नाहीत, पण बोलताना कायम "आमच्याकडे". "आमच्याकडे काल काय पाऊस झालाय!" असं ते म्हणाले की मी अ‍ॅमस्टरडॅममधल्या आमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या घराच्या खिडकीतून बाहेर बघायची. बाहेर लख्ख ऊन.

"लाखाला किती?" हा त्यांचा पेटंट प्रश्न. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी म्हणालं, हल्ली आपल्या लोकांत घटस्फोट फार वाढलेत. मागच्या खुर्चीवरून लगेच आवाज आला, "लाखाला किती?" बिचारा वक्ता प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

माझी सायकल चोरीला गेली तेव्हा सांत्वन वगैरे बाजूलाच राहिलं. "पोलिसांत नोंद केलीस?" मी म्हटलं, काका, अ‍ॅमस्टरडॅममध्ये सायकल गेली म्हणून नोंद कोण करतं? रविवारची अख्खी दुपार त्यांनी मला शेजारी बसवून तो डच फॉर्म भरून घेतला. "नोंद नाही तर चोरी नाही," ते बजावत होते. "उद्या हेच लोक म्हणतील, बघा, आमचं शहर किती सज्जन!"

बेटाचं दुखणं निराळं होतं. तिथे लाखभर माणसंच नाहीत. त्यामुळे कुणी एक थोबाडीत मारली तरी लाखाच्या हिशेबात तिच्या पाच-दहा होतात. एका वर्षी लग्नाच्या पंगतीत दोन मेहुण्यांची जुंपली, नातेवाईक मध्ये पडले, आणि तेवढ्यावर बेट हिंसक देशांच्या यादीत वर सरकलं. काका आठवडाभर नीट जेवले नाहीत. यादीखाली तळटीप टाकावी म्हणून साहेबांशी भांडले. "टीप काय टाकू?" साहेबांनी विचारलं. काका म्हणाले, "लिहा, मासा कमी पडला होता."

हे सगळं त्यांना कळायचं ते तिथल्या सार्जंट मेरीबाईंकडून. पोलीस ठाण्यातले आकडे त्याच पाठवायच्या. लॉकडाउन लागलं, ऑफिस घरी आलं आणि काका त्यांना आपल्या बाल्कनीतून फोन करू लागले. इथे सकाळ असली की तिथे संध्याकाळ. फोन स्पीकरवर, आणि आवाज असा की मध्ये समुद्र आहे हे ते एकदाही विसरले नाहीत. वरच्या बाल्कनीत मी चहा घेत असायची. मुद्दाम ऐकायची गरजच पडायची नाही.

त्या वसंतात सगळीकडचे गुन्हे घटले म्हणून त्यांच्या ऑफिसात सगळे खूश होते. बेटावरच्या चोऱ्या तर थेट शून्यावर आल्या. अभिनंदनाची मेल आली. काका मात्र जिन्यात भेटले ते चेहरा पाडून.

"खंय गेलो तो?" ते म्हणाले. फार अस्वस्थ झाले की त्यांची मालवणी वर येते.

"कोण, काका?"

"आमचा चोर."

हा चोर म्हणजे काही दरोडेखोर नव्हे. दोरीवरचा शर्ट, एखादी कोंबडी, पर्यटकांच्या हॉटेलातलं रात्रीचं उरलंसुरलं, असा त्याचा संसार. "आता हॉटेल बंद, पर्यटक नाहीत," काका म्हणाले. "बरं, सुधारला म्हणावं तर एवढ्या वर्षांत एक महिना कोरडा गेलेला नाही. मग तो खातोय काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून संवाद कानावर आला. मेरीबाई हसत होत्या. "डॉक्टर सामंत, गुन्हा का झाला याचा तपास मी नेहमी करते. गुन्हा का झाला नाही याचा तपास करू म्हणता?"

"होय. कृपा करून."

"घरात बसला असेल. सगळेच बसलेत."

"तो घरात बसला तर कोंबड्या कोण चोरणार? बाई, एकदा जाऊन बघा. माझ्यासाठी."

बाई गेल्या. बेटाच्या दुसऱ्या टोकाला त्याची झोपडी होती. तो नारळाच्या झाडावरून पडला होता. पाय मोडला होता, अंगात ताप होता, आणि शेजारणीने अधूनमधून दारात ठेवलेल्या पाण्यावर आणि केळ्यांवर तो कसाबसा तग धरून होता. तो दिसत नाही म्हणून उलट गावाला बरंच वाटत होतं. बाईंनी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता, कदाचित माणूसही, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

हे काकांनी मला बाल्कनीतूनच, मान वर करून सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चष्मा धुकट झाला, तो त्यांनी लेंग्याला पुसला. पुढे पाय बरा होईपर्यंत रोज सकाळी चौकशी चालू होती. एकदा बाईंनी फोन थेट चोराच्या हातात दिला. तो घाबरत म्हणाला, "साहेब, तुम्ही कोण?"

 काका म्हणाले, "मी तुला मोजतो."

"का?"

 "पाय वर ठेवून झोप," एवढं म्हणून काकांनी फोन ठेवला.

हिवाळ्यात, घरी एकच पाहुणा चालेल असा नियम होता त्या दिवसांत, एका संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. तोंडाला मास्क, हातात झाकलेलं पातेलं. शिरा होता, अजून वाफाळत होता.

"कशाबद्दल, काका?"

"चोरी झाली!" डोळे नुसते लकाकत होते. "शर्ट! आणि तोही मेरीबाईंच्या नवऱ्याचा! चालायला लागला म्हणजे, पळायलासुद्धा!"

मी पोट धरून हसले. पातेलं घेतलं. काका मात्र दारातच उभे. जायला निघालेत असंही वाटेना.

"आत या ना."

"नको, नियम..."

"एक पाहुणा चालतो, काका. तुम्ही एकच आहात."

"हो," ते म्हणाले. "ते खरंच आहे."

आले. सोफ्याच्या अगदी टोकाला बसले. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज रोज कानावर पडायचा, त्यामुळे त्यांना माणसांची ददात नाही असंच मी धरून चालले होते. आता ते समोर बसून आमच्या घराकडे बघत होते. सोफ्यावर पसरलेले कपडे, माझ्या लेकीचे, रेवाचे मोजे, कुकरची शिट्टी, सगळं देवदर्शनाला आल्यासारखं. जेवायलाच थांबवलं. आमटी दोनदा घेतली. रेवाशी डचमध्ये मांजरांवर वाद घातला आणि हरले.

निघताना दारात चप्पल घालता घालता, खाली बघूनच म्हणाले, "मुग्धा, एक विचारू? समजा मी चार-पाच दिवस दिसलो नाही, तर खाली येऊन एकदा बेल वाजवशील?"

"वाजवेन ना, काका."

"घाई नाही. सवडीने."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग सुरू व्हायच्या आधी मी खाली गेले आणि बेल वाजवली. काकांनी दात घासता घासताच दार उघडलं. तोंडाभोवती फेस, हातात ब्रश.

"काय झालं गं?"

"काही नाही. सहज."

 ते पटकन पाठ फिरवून आत गेले, चूळ भरल्याचा आवाज आला, आणि आतूनच, एरवीपेक्षा कितीतरी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "चहा टाकू?"

मीटिंग मी त्यांच्याच स्वयंपाकघरातून केली.