तराफ्यावरची परात

परातीतलं पाणी पुन्हा वाढलं होतं.

गजानन तराफ्यावर उकिडवा बसला आणि त्याने परातीच्या मधल्या पितळी काट्याजवळ डोळा नेला. कालच्या उन्हानंतर पाणी काट्याच्या टोकाखाली जायला हवं होतं. ते तांदळाच्या दाण्याएवढं वर होतं. पाऊस तर महिनाभरात नव्हता.

तराफा म्हणजे डांबराची सहा रिकामी पिंपं आणि त्यांवर सागाच्या फळ्या. लोधीखेड्याजवळच्या तलावाच्या मधोमध तो दोरांनी बांधून ठेवला होता. तलावाचं किती पाणी उन्हाने उडून जातं, हे पाटबंधारे खात्याला हवं होतं. गजाननने रोज सकाळी आठला डोंग्यातून तिथे जायचं, मापाने पाणी घालून परात काट्याच्या टोकापर्यंत भरायची आणि किती मापं लागली ते वहीत लिहायचं. तीन वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नव्हता. आषाढात त्याची बायको सुधा गेली, तेव्हाही दुसऱ्या दिवशी आठला तो तराफ्यावर होता.

"नत्थूजी," त्याने डोंगा धरून बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "परातीत पाणी कुठून येऊन राहिलं?"

नत्थूजी वल्ह्याकडे पाहत म्हणाला, "देवाची करणी, बाबू."

पहिल्या दिवशी गजाननला वाटलं, लाटा आत येत असतील. त्याने परातीच्या काठाला पत्र्याची पट्टी ठोकली. पाणी वाढलंच. उन्हात पाणी वाढलं असं वहीत लिहिलं असतं तर लोक हसले असते. म्हणून त्याने मागच्या कार्तिकातले आकडे उतरवले. खरे आकडे एका कागदावर लिहून खिशात ठेवले. असे सहा दिवस झाले.

आणि आता साहेब येत होते. पंधरा दिवसांपूर्वी, छप्पन सालच्या राज्यपुनर्रचनेत, नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं आणि लोधीखेड्यासकट सौंसर तालुका मध्य प्रदेशात राहिला होता. गजाननचे जुने साहेब नागपूरला राहिले. नवे जबलपूरचे, मराठीच, पण कडक. मोजणीचं ठिकाण ठेवायचं की बंद करायचं ते पाहणीनंतर ठरेल, असं त्यांचं पत्र होतं. बंद झालं तर गजाननची बदली बस्तरला.

साहेब शनिवारी दुपारी सौंसरच्या बसने आले. त्यांनी वही चाळली, मागच्या वर्षीची चाळली, मग दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या.

"सहा दिवसांचे आकडे गेल्या वर्षीसारखे हुबेहूब कसे?"

"ऋतू तोच आहे, साहेब."

"असं?" साहेबांनी वही मिटली. त्यांनी तराफ्यावर जाऊन स्वतःच्या हाताने परात काट्यापर्यंत भरली. "उद्या मी मोजणार. फरक पडला तर तुम्ही घरी बसा."

दुसऱ्या दिवशी साहेब सातलाच काठावर आले. मागे गजानन. तराफ्यावर तीन बायका उभ्या होत्या. ओले केस, हातात तांबे. नत्थूजीने डोंगा लावून धरला होता. त्यांतल्या शकुबाईने परातीत तांब्या उपडा केला.

"ए! काय चाललंय तिथे?" साहेब ओरडले.

डोंगा काठाला आला. शकुबाई उतरून पदर पिळत म्हणाली, "सुधाले पाणी देऊन राहिलो जी."

"कोण सुधा?"

"याची बायको. आषाढात गेली बिचारी. हा रोज आठ वाजता जाते, मापानं पाणी सोडते. आम्ही कपडे धुताना पाहतो ना. कार्तिकाच्या आंघोळीले आलो तं म्हटलं, आपलेही दोन दोन तांबे."

"आन् त्याचं पुरूनही नाही राहिलं," मागून दुसरी बाई, वच्छला, म्हणाली. "काल भरलेलं आज कमीच. पिऊन जाते सुधा."

"नत्थूजी, तुम्ही सांगितलं का नाही?" गजानन किंचाळला.

"बायांनी शपथ घातली होती, बाबू."

"अवो शकुकाकू, ते सरकारी मोजमाप हाय! मी सुधाले पाणी नाही देत!"

"मंग तिथं बसून रोज कोणासंग बोलून राहिला तू?" शकुबाई म्हणाली. "पाण्यावरून सारं आयकू येते. मेथीची भाजी खारट झाली, परवाच सांगत होता."

साहेब गजाननकडे वळले.

"वहीतले सहा आकडे?" त्यांनी विचारलं.

"खोटे, साहेब." त्याने खिशातला कागद पुढे केला. "खरे हे."

साहेबांनी शकुबाईचा तांब्या मागून घेतला आणि मापाने मोजला. मग पेन काढलं. "रोज किती तांबे?"

"सहा."

"सोमवारी पाच," वच्छला म्हणाली. "रजनीचा सांडला होता."

"माहा नाही, तुहा!" तिसरी बाई, रजनी, भडकली.

साहेब काठावरच्या दगडावर बसले. कागदावरचे आकडे घेऊन त्यांनी तांब्यांचं पाणी वजा केलं, वहीतल्या सहा ओळी खोडल्या, नव्या लिहिल्या आणि खाली सही केली. मग ते बस पकडायला गेले.

आठ दिवसांनी हुकूम आला. ठिकाण चालू ठेवावे. तराफ्यावर दुसरी परात बसवावी. ती मोजू नये.

गजाननने दुसरी परात बसवली. दुसऱ्या सकाळी आठला त्याने पहिली मोजली, वहीत लिहिलं. मग दुसरीकडे वळला. तिच्यातलं पाणी उतरलं होतं. त्याने काठाकडे चोरून पाहिलं, माप भरून परातीत ओतलं आणि अगदी हळू आवाजात काल काय रांधलं ते सांगू लागला.

काठावर कपडे आपटायचे थांबले.

"मोठ्यानं बोल ना रे," शकुबाई ओरडली. "काही आयकू नाही येऊन राहिलं!"