भिंतीतली अंगाई

देवाने माझ्या गळ्यात काय घातलंय, ते मलाच ठाऊक! जन्मभर कीर्तनं ऐकली, पदं पाठ केली, पण घरात कुणी कधी दाद दिली नाही. दिली ती नातीने!

लेक तान्ह्या पोरीला घेऊन राहायला आली, पण पोरगी कुठेच झोपेना. तिच्या रडण्याचा पूर्वरंगच असा दणदणीत, की उत्तररंगाला शेजारपाजार घर सोडून जावा! मात्र मागच्या खोलीत, भिंतीला लागून पाळणा ठेवला, मी पद आळवलं आणि कन्या ढाराढूर!

"याला म्हणतात गळा!" मी म्हणालो.

"बाबा, अगदी देवासारखे धावून आलात," लेक म्हणाली आणि तिथेच फरशीवर घोरू लागली. बिचारीच्या डोळ्याला कित्येक रात्री डोळा लागला नव्हता.

बायको म्हणाली, "गळ्याचं राहू द्या, भिंत गळतेय ती बघा!"

खरंच! तांबूस, चिकट ओघळ! वरच्या मजल्यावर शिंपीमास्तर राहतात. मी तरातरा जिना चढलो.

"मास्तर, तुमचं बाथरूम आमच्या पाळण्यावर गळतंय!"

"माझं बाथरूम त्या बाजूला नाहीच!"

"मग काय, भिंतीला घाम फुटला?"

मास्तर तावातावाने खाली आले. ओघळाला बोट लावलं, वास घेतला आणि मी "अहो, अहो!" करेपर्यंत चाटलंसुद्धा!

"मध आहे हो! भिंतीला कान लावा."

लावला. आत जणू हजार जणांनी तोंड मिटून एकच सूर धरला होता! मी भारावून डोळे मिटले. तेवढ्यात विजेच्या बटणाशेजारच्या भोकातून एक मधमाशी बाहेर आली आणि माझ्या खालच्या ओठावर तिने निरूपण केलं!

ओठ उशीएवढा झाला.

"आत्ताच्या आत्ता औषध फवारा!" बायको कडाडली.

"ईव आएत ए!" मी कळवळून ओरडलो.

"काय म्हणताय?"

"जीव आहेत ते, असं म्हणतायत," मास्तरांनी सांगितलं. "आणि बाळाच्या खोलीत विष कशाला? माझा मेहुणा मधमाश्याच पाळतो."

देव त्या मेहुण्याचं भलं करो! लेक बाळाला घेऊन मास्तरांकडे वर जाऊन बसली. मेहुण्याने तोंडाला जाळी बांधली, थोडा धूर दिला, गिलावा फोडला आणि राणीसकट सगळं पोळं अलगद पेटीत घेतलं. आम्हाला पातेलंभर मधही ठेवला!

बाळ खाली आलं. पाळण्यात ठेवलं. खोली चिडीचूप. आणि पोरीने जो टाहो फोडला! आता माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. इतका वेळ अंगाई गात होत्या त्या माश्या. मी आपला मध्येमध्ये तोंड घालत होतो!

लेकीचा चेहरा पांढराफटक. "बाबा, म्हणा ना काहीतरी!"

मी पद सुरू केलं, पण ओठ हलेना. नाकातून नुसतं निघालं, "ऊंऽऽऽऽ..."

पोरगी थबकली. जांभई दिली. झोपली!

लेकीने माझा हात कपाळाला लावला. माझे डोळे भरून आले. मला चावून जीव गमावलेल्या त्या माशीलाही मी मनोमन नमस्कार केला. बघतो तर बायकोसुद्धा हात जोडून पुटपुटत होती! मी खुणेनेच विचारलं, काय मागतेस?

"काही नाही हो," ती हळूच म्हणाली, "तुमच्या ओठाची सूज एवढ्यात उतरू नये!"