इलिंकाचं वाक्य कुणी तोडायचं नाही

बायकोला डच मी स्वतः शिकवीन, असं ज्या दिवशी म्हणालो त्या दिवशी माझी जीभ झडायला हवी होती.

इलिंका माहेरची रुमानियाची. लग्न होऊन आमच्या मेप्पल गावी आली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तिने डच बोलायला तोंड उघडलं की माझी सगळी माणसं दया येऊन इंग्रजीवर उतरतात. (आम्हा डच लोकांना तेवढीच समाजसेवा जमते.) यंदा आईच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर एक लांबलचक वाक्य शेवटपर्यंत बोलून दाखवायचंच, असा तिने पण केला होता. बिचारी आंघोळ करतानाही पुटपुटत असे.

अडचण एवढीच, की साध्या वाक्यात आमचं क्रियापद पुढे पुढे करतं, पण 'जो', 'जी' आलं की तेच शेवटच्या बाकावर जाऊन बसतं. तिथवर पोचेपर्यंत ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. म्हणून मी नातेवाइकांना आधीच दम भरला, इलिंकाचं वाक्य संपेपर्यंत कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. आणि तिला सांगितलं, पुस्तकातलं काही नको, घरात घडलेलं बोल. (हुशारी बघा माझी!)

वाढदिवसाला आम्ही रिवाजाप्रमाणे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर कॉफी घेऊन बसलो. आईने सफरचंदाचा केक आणला, कापायला फिरवला, तर मागच्या बाजूला हे भलं मोठं खिंडार! आमच्याकडे माणशी एकच तुकडा, तोही मोजून, त्यामुळे आईचा चेहरा पडला. तिने हार्मकाकांच्या कुत्र्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, जरा जास्तच रागाने.

तेवढ्यात इलिंकाने घसा साफ केला.

"तो माणूस," ती म्हणाली, "ज्याने तो केक, जो आईंनी काल एवढ्या मेहनतीने भाजला होता, सगळे बागेत असताना, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या..."

माझी कॉफी बशीत सांडली. मी घाईघाईने, चक्क इंग्रजीत, हवापाण्याचा विषय काढला.

"बेरेंट, गप्प बस," आई म्हणाली. "क्रियापद यायचंय अजून."

"...खाल्ला," इलिंकाने क्रियापद बरोब्बर जागेवर बसवलं, "तो माझा नवरा आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईने भरल्या डोळ्यांनी सुनेला कडकडून मिठी मारली. आनंदात केक सगळे विसरले, मला वाटलं, सुटलो. पण संध्याकाळपर्यंत पाहुणे येतच राहिले, आणि प्रत्येकाला माझ्यासमोर बसवून आई कौतुकाने म्हणायची, "म्हण गं पुन्हा ते वाक्य."

इलिंका म्हणायची. आणि 'उभ्या उभ्या'पर्यंत ती पोचली की पाहुणे क्रियापदाची वाट न बघताच माझ्याकडे वळायचे.