तानूकाकीचा जवळ्याचा डबा

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकणार. माझी चौथी झाली तेव्हा धाकटा भाऊ झाला आणि त्याचा पाळणा हलवायला मला घरी बसवलं. तेव्हापासून ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडे पाहुण्यांसारखे येतात, कधीही येतात आणि कुठेही बसतात. अक्षर म्हणजे ओल्या भिंतीवरून मुंग्या चालल्या आहेत. कोणी वाचलंच तर डोळे बारीक करून वाचावं आणि माफ करावं. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून दुपारी दार लोटून लिहायला बसले आहे. तानूकाकीबद्दल लिहायचं आहे. एकटीनं किती दिवस हसणार?

तानूकाकी जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहायची. मालवणकडची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बाजारात गोणपाट टाकून सुकी मासळी विकायची. जगात दोनच तऱ्हेची माणसं असतात असं तिचं ठाम मत होतं. एक चोर, आणि दुसरे ज्यांना अजून चोर भेटला नाही ते.

त्यामुळे तिचे पैसे कधी एका जागी नसायचे. तिच्याबरोबर बसमध्ये बसणं म्हणजे तमाशाच. कंडक्टर आला की ती आधी अंबाडा सोडायची. त्यातून विडीसारखी गुंडाळलेली नोट निघायची.

"आजी, सुट्टे द्या ना."

"सुट्टे आसत. पण ते चोळीत आसत. तू आधी तोंड फिरव."

कंडक्टर तोंड फिरवायचा, त्याच्याबरोबर अख्खी बस तोंड फिरवायची. मी तर पदरात डोकं घालून बसायचे.

घरात मिठाच्या बरणीत पैसे, तुळशीच्या कुंडीत पैसे, छत्रीच्या पोकळ दांड्यात पैसे. देवाच्या फोटोमागे मात्र एक पै नाही. "थय चोर पयलो बघता," म्हणायची. एकदा छत्रीची काडी मोडली. काकी छत्रीवाल्याच्या पुढ्यात जाऊन बसली आणि काम होईपर्यंत त्याच्या हातावरची नजर काढली नाही. तो बिचारा इतका घाबरला की त्यानं मजुरीच घेतली नाही. "बघ," काकी मला म्हणाली, "चोर होतो म्हणानच घाबारलो."

तिचा एक मंत्र होता. "जय हात जाता, थय चोराचो डोळो जाता." पैसे कुठेही ठेव, पण ते आहेत का म्हणून चाचपायचं नाही. चाचपलं की संपलं.

आमच्या भजनी मंडळानं नेपाळची यात्रा काढली तेव्हा काकीनं सगळ्यांच्या आधी नाव दिलं. पशुपतीनाथ हे एक कारण, पण खरं कारण म्हणजे नेपाळ परदेशात होतं आणि तिथं विमानात न बसता जाता येत होतं. खोलीत दोघी-दोघी राहायच्या होत्या. काकीला जोडीदार हवी होती. माझी भिशी नुकतीच लागली होती. काकीनं आमच्या ह्यांच्यासमोर येऊन सांगितलं, "जावई, हिका मी घेऊन जातंय." हे तिचे जावई नव्हते आणि मी तिची कोणी नव्हते, पण ह्यांची मान आपोआप हलली.

प्रवासाचं भाडं मंडळाकडे भरलं होतं. राहायचे पैसे मात्र ज्याचे त्यानं तिथं लॉजवर रोख द्यायचे होते. काकीची झोपच उडाली. रोख, आणि परदेशात! अंबाडा लहान पडणार होता. शेवटी एके सकाळी ती दारात उभी राहिली, हातात पत्र्याचा डबा. वर जवळा, म्हणजे ती बारीक सुकी कोलंबी, आणि तळाशी कागदात बांधलेल्या नोटा.

"जवळ्यात कोण हात घालीत? चोराकय नाक आसता. तुझे पण टाक हयसर."

मी नको म्हटलं. मी पहिल्यांदा परदेशात चालले होते, माझ्या नोटांना जवळ्याचा वास नको होता. मी नवा बटवा शिवला होता, जरीची नाडी लावून. तो कमरेला खोचला.

गाडीत माझा हात सारखा कमरेकडे जायचा. काकी माझ्या मनगटावर चापट मारायची. "हात!" पुढं पुढं डब्यातली सगळी मंडळीच ओरडायला लागली, "हात!" जबलपूरला चहावाल्यानं किटली उचलली तर आता मंडळी ओरडणार या भीतीनं मीच हात मागे घेतला.

सरहद्दीवर कस्टमवाल्यानं काकीचा डबा उघडला, नाकाला रुमाल लावला आणि काही न विचारता आम्हाला पुढं ढकललं. काकी परदेशात चार पावलं चालली आणि थांबली. "हो परदेश? माती तर आमच्यासारखीच आसा!"

त्याच ढकलाढकलीत माझा बटवा गेला. नाडीचं टोक तेवढं कमरेला राहिलं होतं.

मी कोणाला बोलले नाही. बोलायचं म्हणजे भजनीबुवांना सांगायचं, मग मंडळी गोळा होणार, कोणी वर्गणी काढणार, चाळीत जन्मभर गोष्ट होणार. काठमांडूला लॉजच्या मॅनेजरनं नावं पुकारायला सुरुवात केली. पैसे ठेवा, किल्ली घ्या. ज्याचे पैसे नाहीत त्याला खोली नाही, असं त्यानं आधीच बजावलं होतं. मी खांबाच्या मागे सरकले.

काकी माझ्या कानाशी आली. "गेले मां?"

मी मान खाली घातली. "तुम्हाला कसं कळलं?"

"सरहद्दीपासून तुझो हात कमरेर गेलो नाय."

मला रडू आलं. तिनं माझं मनगट धरलं, पुढं नेलं आणि जवळ्याचा डबा थेट मॅनेजरच्या टेबलावर आपटला. झाकण उघडलं.

आता त्या लॉजवर शुद्ध शाकाहारी अशी मोठी पाटी होती, आणि ती पाटी बघूनच बुवांनी ते लॉज निवडलं होतं. वास पसरत गेला तशी माळकरी मंडळी भिंतीला चिकटत गेली. मॅनेजर खुर्चीवरून उठला.

"माताजी, ये क्या मर गया है?"

"मरान लय दिस झाले. आता सुकलो," काकी म्हणाली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. "दोन माणसांचे घे. माझे, आनि माझ्या चेडवाचे."

चेडू म्हणजे मुलगी. मी मागे वळून पाहिलं, कोणाची मुलगी आली म्हणून.

मॅनेजर नोटा घेईना. डबा बाहेर, नोटा धुऊन आणा, नाहीतर तुम्हीही बाहेर. बुवा "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी" करत होते, पण त्यात राग किती आणि भक्ती किती ते समजत नव्हतं. काकीनं डबा कंपाऊंडच्या भिंतीवर ठेवला. काठमांडूतली सगळी मांजरं तिथं दर्शनाला आली. मग काकीनं साबणाच्या पाण्यात नोटा एक एक धुतल्या, गच्चीवरच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या आणि काठी घेऊन दोरीखाली बसली.

मंडळी पशुपतीनाथाला निघाली. मी म्हटलं, "काकी, तुम्ही जा, मी बसते."

"सुकत घातलेला राखूचा काम माझा. तू जा. देवाक सांग, तानू परदेशात इली, पण कामात आसा."

मी गेले नाही. दोघी काठी घेऊन बसलो. तेवढ्यात एक माकड आलं, त्यानं नोट ओढली, हुंगली, तोंड वेडंवाकडं केलं आणि परत टाकून पळालं. काकी गच्चीवर लोळून हसली. "बघलंस? माकडाकय नाक आसा!" मी जन्मात इतक्या मोठ्यानं हसले नव्हते. मॅनेजर वर आला, तोही हसला, वाळलेल्या नोटा खुडून घेतल्या आणि किल्ली दिली. देवदर्शन आम्ही दुसऱ्या दिवशी केलं.

घरी आल्यावर मी ठरवलं, काकीचे पैसे फेडायचे, आणि ह्यांना न मागता. ह्यांची गिरणी बंद पडलेली. मी शिंप्याकडून ब्लाउज आणून हूक लावायला लागले. दर रविवारी थोडे पैसे घेऊन समोर जायचे.

पण पैसे घेईल तर ती काकी कसली! एका रविवारी म्हणाली, "आज अवस, आज मी पैशे घेनय नाय." पुढच्या रविवारी नोट मळकी होती. जिच्या नोटा माकडानं परत केल्या, तिला माझी नोट मळकी! कधी थोडे घ्यायची, थोडे परत करायची. "एकदम नको. चोर बघीत." दर वेळी मला बसवायची, चहा विचारायची. मी लाजेनं "नको, घरी झालाय" म्हणायचे. तरी ती बाजारातल्या गोष्टी सांगत राहायची, दार धरून मला उंबऱ्यापर्यंत सोडायची, उंबऱ्यात अजून एक गोष्ट सांगायची.

शेवटच्या रविवारी मी मुद्दाम कोरी नोट नेली. अवस नव्हती. काकीनं नोट उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. काही सापडलं नाही.

"म्हणजे फिटले," ती म्हणाली.

"हो काकी. सगळे."

तिनं नोट पाटावर ठेवली. अंबाड्यात नाही, चोळीत नाही, बरणीत नाही. उघड्या दाराच्या समोर ती नोट पाटावर पडून राहिली आणि काकी भिंतीकडे बघत राहिली. आज तिनं चहाही विचारला नाही.

मी उठले. उंबऱ्यापर्यंत गेले. माझ्या तोंडून कधी कोणाकडे काही मागणं निघालेलं नाही, माहेरीसुद्धा नाही. पण मी परत वळले आणि पाटाशेजारी बसले.

"काकी, च्या टाका. कपभर टाका. आणि पुढच्या रविवारीपण."

काकीनं माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या रविवारी कित्याक? पैशे तर फिटले."

"फिटले ना. आता नुसती येणार."

ती उठली आणि स्टोव्हला पिन मारायला लागली. बराच वेळ पिन मारत होती, स्टोव्ह काही तुंबलेला नव्हता. नोट पाटावर तशीच होती, पुरी फिटलेली, आणि आम्हा दोघींपैकी कोणाचाच हात तिच्याकडे गेला नाही.