दोन केबिन, शक्यतो लांबच्या

क्रूझला जायचं ठरलं तेव्हा नोंदसाहेबांना वाटलं होतं, की समुद्रप्रवासातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे समुद्र. त्याच्याआधी केबिन निवडायची असते, आणि ती कोरड्या जमिनीवर, ट्रॅव्हल कंपनीच्या गारेगार ऑफिसात, फिरत्या खुर्चीवर बसून निवडायची असते, याची त्यांना कल्पना नव्हती.

नोंदसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात होते, आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला "तुमची तक्रार नोंदवली आहे" हे वाक्य इतक्या मायेने ऐकवायचे, की नळाला थेंब नसतानाही माणूस समाधानाने फोन खाली ठेवायचा. त्यांच्या पत्नी मोठ्या इस्पितळात नर्स होत्या, शेवटी शेवटी मेट्रन. अख्खी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. ऐकून ऐकून नोंदसाहेबही म्हणायला लागले. (एका नव्या शेजाऱ्याने "तुमच्या बहिणीला निरोप द्या" असं सांगितल्यापासून चारचौघांत म्हणायचे नाहीत, एवढंच.)

सिस्टर निवृत्त झाल्या, आणि नोंदसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता एक गोष्ट ठरवली. तीन रात्रींची छोटी क्रूझ. दोघंच.

ट्रॅव्हल कंपनीतल्या मुलीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "केबिनचे तीन प्रकार आहेत. आतली, खिडकीची आणि बाल्कनीची. आतल्या केबिनला खिडकी नसते. दिवा घालवला की मिट्ट काळोख."

"बाल्कनीचीच!" नोंदसाहेबांनी हात असा फेकला, की टेबलावरचं पेन उडून खाली पडलं. मग त्यांनी पत्नीकडे पाहिलं. आता तिच्या डोळ्यांत काहीतरी ओलसर दिसेल अशी अपेक्षा होती. सिस्टर एक्स-रे बघावा तशा स्क्रीनकडे बघत होत्या.

"दोन घ्या," त्या म्हणाल्या.

"दोन बाल्कन्या?"

"दोन केबिन. एक माझी, एक यांची."

मुलीची बोटं कीबोर्डच्या वरच थांबली. "मधून दार असलेल्या, शेजारशेजारच्या मिळतील मॅडम..."

"नकोत. लांब असल्या तरी चालतील." सिस्टरनी क्षणभर विचार केला. "शक्यतो लांबच बघा."

नोंदसाहेब मोठ्याने हसले. इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या टेबलावरचं हनिमूनचं जोडपंही वळून बघायला लागलं. "मी जरा घोरतो," त्यांनी मुलीला सांगितलं.

"नाही हो," सिस्टर प्रामाणिकपणे म्हणाल्या. "घोरत नाही तुम्ही."

(म्हणजे सांगण्यासारखं जे एकमेव कारण होतं, तेही गेलं.)

आता अपमान झालेल्या माणसाला त्याग करण्याशिवाय पर्याय नसतो. नोंदसाहेब सावकाश, शब्द तोलत म्हणाले, "यांना बाल्कनीची द्या. मला आतली द्या. सगळ्यात खालच्या मजल्यावरची असली तर उत्तम." आणि "अहो, काहीतरीच काय!" हे ऐकायला ते तयार होऊन बसले.

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

बुकिंग झालं.

घरी येताना त्यांनी एकदाच विचारलं, "का गं?"

"असंच. एकटीला झोपावंसं वाटलं."

नोंदसाहेबांनी पुढे विचारलं नाही. तक्रार कक्षात ते एक गोष्ट शिकले होते, की दुसरा प्रश्न विचारू नये. पहिल्या प्रश्नाला नळाला पाणी नसतं. दुसऱ्या प्रश्नाला रस्त्याखालची मोठी पाइपलाइन फुटलेली निघते.

पण मन मोकळं करायला कुणीतरी लागतंच. म्हणून त्यांनी थोरल्या बहिणीला, अक्काला, सहज म्हणून फोन केला आणि सहज म्हणून सांगितलं.

"वेगळ्या खोल्या?" अक्का किंचाळल्या. "कधीपासून चाललंय हे?"

"अजून बोट सुटायची आहे, अक्का."

"म्हणजे ठरवून चाललंय!"

अक्कांनी फोन ठेवला तो दुसरा लावण्यासाठीच. संध्याकाळच्या आत परगावी असलेल्या मुलीचा फोन आला. "बाबा, खरं सांगा, काय केलंत तुम्ही?"

"मी खालची केबिन घेतली."

"आईला काय बोललात?"

"बाल्कनीची घे म्हटलं."

"बाबा, विषय बदलू नका!"

दुसऱ्या दिवशी अक्का बॅग घेऊन हजर झाल्या आणि जेवताना दोघांच्या मधे बसायला लागल्या. भावाला कळवळ्याने जास्त वाढायच्या, भावजयीला सावधगिरी म्हणून जास्त वाढायच्या. सिस्टर प्रत्येकाला एकच उत्तर देत होत्या, "अहो, मला फक्त झोपायचंय." हे उत्तर इतकं साधं होतं, की त्यावर कुणाचाच विश्वास बसेना. नोंदसाहेबांचा तर मुळीच नाही. रोज दाढी करताना ते आरशात स्वतःकडे नीट बघायचे. कुठं बिघडलं? वाईट माणूस तर दिसत नव्हता. जरा सुजल्यासारखा दिसत होता, पण ते अक्कांच्या वाढण्यामुळे.

आणि बोट सुटली.

सिस्टरांची केबिन वर, नोंदसाहेबांची इतकी खाली, की लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर शेवटी फक्त सामान उरायचं. केबिन मात्र नीटनेटकी होती. भिंतीवर सुंदर निळा पडदा होता. नोंदसाहेबांनी उत्सुकतेने तो बाजूला केला. मागे भिंत होती. कुणाच्या तरी घरातली खासगी गोष्ट नकळत पाहिल्यासारखं वाटून त्यांनी पडदा हळूच परत ओढून घेतला.

झोपायच्या आधी ते वर जाऊन टूथपेस्ट घेऊन आले. मग बोट लागू नये म्हणून कुठली गोळी घ्यायची ते विचारून आले. मग तुला भीती तर वाटत नाही ना, हे विचारून आले. सिस्टर नाही म्हणाल्या. "मलाही नाही," असं सांगून ते खाली उतरले आणि ते खरं आहे का याचा विचार करत झोपले.

जाग आली तेव्हा काळोख होता. रात्र आहे, असं म्हणून ते कुशीवर वळले. पुन्हा जाग आली, पुन्हा काळोख. समुद्रावरची रात्र भलतीच लांब असते, असं त्यांनी ठरवलं. फोन बंद पडलेला, चार्जर सिस्टरांच्या बॅगेत. तिसऱ्यांदा जाग आली ती भुकेने. पोट खड्ड्यात गेलेलं, आणि तरी रात्र संपत नव्हती! काहीतरी गडबड आहे, सिस्टरला विचारलं पाहिजे. कुणाची झोप मोडू नये म्हणून त्यांनी चपला हातात घेतल्या आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, खांद्यावर टॉवेल अशा अवतारात लिफ्टमध्ये शिरून अंदाजाने बटण दाबलं.

दार उघडलं आणि डोळ्यांपुढे पांढरंशुभ्र ऊन आलं. भर दुपार होती. बँड वाजत होता. झकपक कपड्यांतली माणसं जेवणाच्या हॉलबाहेर रांगेत उभी होती, आणि रांगेच्या तोंडाशी पांढऱ्या गणवेशातला कॅप्टन एकेकाबरोबर फोटो काढून घेत होता. हातात चपला घेतलेल्या नोंदसाहेबांना पाहून लोक अदबीने बाजूला झाले. करमणुकीच्या कार्यक्रमातलं कुणीतरी असावं असा त्यांचा समज झाला.

"सर, इकडे बघा!" फोटोग्राफर ओरडला.

कुणी काही सांगितलं की ऐकायचं, ही जन्माची सवय. नोंदसाहेबांनी बघितलं. हसलेही.

तासाभरात तो फोटो बोटीच्या मधल्या दालनात, सगळ्या पाहुण्यांच्या फोटोंबरोबर भिंतीवर लागला. नोंदसाहेब कपडे बदलून, फोटो उतरवता येतो का हे बघायला तिथे पोचले, तर सिस्टर आधीच पोचलेल्या. त्या कठड्याला धरून हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. नोंदसाहेब लाजून पुढे व्हायचे ते जागीच थांबले. हे हसणं आपण शेवटचं कधी पाहिलं, हे त्यांना आठवेना. बरंच मागे जाऊन आले तरी सापडेना. घरात सिस्टर हसायच्या नाहीत असं नव्हतं, पण ते हसणं घाईचं असायचं, पुढचं काम हातात घेता घेता उरकलेलं.

दोघं वर बाल्कनीत जाऊन बसले. खाली पाणी कापलं जात होतं आणि मागे पांढरी रेघ पडत होती.

"सिस्टर," नोंदसाहेब शेवटी म्हणाले, "माझ्याबद्दल काही तक्रार असेल तर आता नोंदवून टाक."

"तक्रार नाही हो."

"मग?"

आज त्यांनी दुसरा प्रश्न विचारला होता. सिस्टरनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, हा माणूस उत्तर ऐकून घेणार आहे की नाही याचा अंदाज घेतल्यासारखं.

"लहानपणी आम्ही तिघी बहिणी एका पलंगावर झोपायचो. मी मधली. मग हॉस्टेल, मग वॉर्ड. मग तुमचं घर, सासूबाईंचं आजारपण, मुलगी. झोपलेच नाही असं नाही. पण कुणीतरी उठवणार आहे हे धरूनच झोपले. एक कान जागा ठेवून. निरोपाच्या समारंभात सगळे सांगत होते, सिस्टरना हाक मारली आणि त्या आल्या नाहीत, असं कधी झालं नाही. टाळ्या वाजल्या. मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, नोकरी सुटल्याचं वाईट वाटतंय."

नोंदसाहेबांनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी तर रुमाल पुढे केला होता.

"मग मला आधी सांगायचं."

"काय सांगू? तुमच्यावर राग नाही, पण तीन रात्री तुम्ही नको, हे कसं सांगतात?"

नोंदसाहेबांना एक जुनी गोष्ट आठवली. खूप वर्षांपूर्वी शहराच्या एका भागातून त्यांच्याकडे एकही तक्रार येत नसे. बैठकीत त्यांनी त्या भागाचं कौतुक केलं होतं, बाकीच्यांनी आदर्श घ्यावा म्हणून सांगितलं होतं. नंतर कळलं, की तिथल्या पाटीवर तक्रारीसाठी चुकीचाच फोन नंबर छापला होता. लोक बिचारे कुठल्या तरी शिंप्याला फोन करत होते. ती गोष्ट ते आजवर विनोद म्हणून सांगायचे. आज हसू आलं नाही.

"पण काल झोपलीस ना?" त्यांनी आशेने विचारलं.

"कशी झोपणार? टूथपेस्टला आलात, गोळीला आलात, भीतीला आलात. नंतर वाटलं, आता आणखी कशासाठी येतील कोण जाणे. म्हणून वाट बघत बसले. डोळा लागला तर सकाळचं ऊन थेट तोंडावर."

नोंदसाहेबांनी मान खाली घातली. सिस्टरनी वेगळ्याच आवाजात विचारलं, "तुमच्या खोलीत खरंच काही दिसत नाही?"

ही सहानुभूती आहे असं वाटून नोंदसाहेबांना भरून आलं. "काही म्हणजे काही नाही. स्वतःचा हात दिसत नाही. आवाज नाही. दिवस की रात्र, पत्ता लागत नाही. जगाशी संबंधच तुटतो गं."

राजवाड्याचं वर्णन ऐकावं तशा सिस्टर हनुवटीवर हात टेकून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"चावी द्या."

"कुणाची?"

"तुमच्या खोलीची. आज तुम्ही इथे झोपा. आणि हे बघा, दार वाजवायचं नाही. फोन करायचा नाही. बोट बुडाली तर मी बाकीच्यांबरोबर बाहेर येईन."

दुसऱ्या दिवशी पहाटे नोंदसाहेबांना जाग आली ती उजेडाने. बाल्कनीबाहेर सगळा समुद्र चांदीचा झाला होता. "बघ!" ते मोठ्याने म्हणाले आणि मग शेजारच्या रिकाम्या उशीकडे पाहिलं. चष्मा कुठे आहे, चहा कुठे मिळेल, हा शर्ट घालू का तो, अशा एकेका गोष्टीसाठी तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. दिवसभरात आपण तिला किती हाका मारतो, हे एकही हाक न मारल्यामुळे पहिल्यांदा कळलं. चष्मा शेवटी त्यांचा त्यांनाच सापडला. (नाकावर होता.)

जेवणाच्या हॉलमध्ये ते मोक्याची जागा धरून वाट बघत बसले. बऱ्याच उशिराने सिस्टर आल्या. केस सैल बांधलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, आणि चेहरा असा, की नोंदसाहेब उठून उभेच राहिले.

"झोप झाली?"

"आत्ता उठले," सिस्टर नवलाने म्हणाल्या. "माझी मी उठले."

नोंदसाहेबांची छाती फुगली. काही झालं तरी यात आपलाही वाटा होता. "बघ, मी एकदाही दार वाजवलं नाही."

"माहीत आहे मला."

"फोनसुद्धा केला नाही."

"तेही माहीत आहे." सिस्टरनी खुर्ची ओढली आणि नॅपकिन मांडीवर पसरला. "खोल्यांची साफसफाई बघणारा माणूस दारात भेटला ना. म्हणाला, मॅडम, सकाळभर एक गृहस्थ तुमच्या दाराबाहेर फेऱ्या मारत होते. मधूनच दाराला कान लावायचे. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

नोंदसाहेब लाल झाले. "मग? काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, नाही बाई," सिस्टर म्हणाल्या आणि सूप पुढे ओढून घेतलं.