धडधडीचा नवा आदेश

गोळी सुरू झाल्याच्या सहाव्या आठवड्यात मालिनीबाई कुंभोजकरांची धडधड छातीतून उतरून समोरच्या खुर्चीवर बसली आणि तिने पुढच्या कामाचा लेखी आदेश मागितला.

मालिनीबाईंनी तिला लगेच ओळखलं. सांगलीच्या तार ऑफिसात विसाव्या वर्षी त्या नोकरीला लागल्या, तेव्हापासूनची सोबत. पहिल्याच दिवशी त्यांनी उतरवून घेतलेली तार कुणाच्या तरी वडिलांच्या मृत्यूची होती. धडधड त्याच दिवशी रुजू झाली. तीन वर्षांपूर्वी यजमान दत्तोपंत गेले आणि ती सुट्टी न घेता राबू लागली. दाराची बेल वाजली तरी मालिनीबाईंचे हात गार पडत, जेवण जाईना. म्हणून तर गोळी.

डॉक्टर ऐनापुरेबाईंनी सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. मेंदूत सेरोटोनिन नावाचा एक निरोप्या असतो. गोळीमुळे तो लगेच माघारी न जाता जरा रेंगाळतो. पहिले काही दिवस धडधड उलट वाढेल, मग हळूहळू शरीर प्रत्येक आवाजाला आग लागल्यासारखं धावणं सोडेल. झालंही तसंच. धडधडीला आता दिवसभर काम नव्हतं.

चहा झाला. धडधड मूळची अबोल, पण त्या दुपारी जुन्या गोष्टी निघाल्या. दत्तोपंतांची राजदूत मोटारसायकल यायला उशीर झाला की दोघी गॅलरीत उभ्या राहायच्या. मुलीला गोवर निघाला ते दिवस. मग धडधड म्हणाली, "लग्नाआधी दत्तोपंत तारेचा फॉर्म घेऊन खिडकीशी आले होते. मजकुराच्या जागी नुसतं तुमचं नाव. तेव्हाही मीच होते."

मालिनीबाईंना इतकी वर्षं वाटत होतं, त्या दिवशी छातीत आलेलं ते दुसरंच कुणीतरी होतं. त्यांनी कपबशा उचलून ठेवल्या. मग म्हणाल्या, की असं असेल तर उद्यापासून गोळी बंद.

दुसऱ्या दिवशी दोघी रिक्षाने दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी दुसरी खुर्ची मागवली आणि दोघींचं म्हणणं ऐकून घेतलं. गोळी अशी मनानं एकदम सोडायची नाही, हे त्यांनी पहिल्यांदा बजावलं. आणि धडधडीला काढायचं कुणी म्हटलंच नव्हतं. उद्या रस्त्यात ट्रक अंगावर आला तर यांना बाजूला कोण ओढणार? फक्त चोवीस तासांची ड्यूटी बंद. बोलावणं आलं की यायचं.

"आणि तो खिडकीतला दिवस?" मालिनीबाईंनी विचारलं. "ही नसली की तो जाईल?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तो दिवस तुमचा आहे, बाई. ती फक्त हजर होती."

धडधडीने मान डोलावली. केसपेपरवर तसा आदेश लिहिला गेला, तिने तो दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवला.

तेव्हापासून ती मागच्या खोलीत राहते. सकाळी गवार मोडून देते. संध्याकाळी मालिनीबाई दत्तोपंतांचं काहीबाही सांगतात, ती तारखा दुरुस्त करते. आता ते आठवताना हात गार पडत नाहीत. मालिनीबाईंना कधीकधी त्याचंच थोडं वाईट वाटतं.

श्रावणात नाशिकहून जावयाचा फोन आला. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, आत नेलं होतं, तो फोन चालूच ठेवणार होता. मालिनीबाई पलंगावर बसल्या. धडधड दारात येऊन उभी राहिली, आत शिरली नाही.

"येऊ का?"

मालिनीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पदर सारखा केला.

"ये," त्या म्हणाल्या. "पण चपला काढून ये."