केबलची पिन आणि नागपूरची खिडकी

आमच्या घरातला टीव्ही रविवारी संध्याकाळी सात वाजता बंद राहील, असं मी एकट्यानं ठरवलं. (घरात बाकी काहीच मी ठरवत नाही, त्यामुळं ठरवताना जरा दम लागला.)

साल दोन हजार सहा. त्या वर्षी टीव्हीवरच्या तमाम नटनट्यांच्या पायाला एकदमच भिंगरी लागली होती. एका चॅनेलवर मालिकेतली छळवादी सासू इजिप्तमध्ये उंटावर बसलेली. पुढचं चॅनेल लावावं तर विनोदी नट बँकॉकच्या रस्त्यावर तळलेला किडा तोंडापुढं धरून सांगतोय की चव कुरडईसारखी आहे. बातम्या लावाव्यात तर बातम्यांच्या शेवटी कुणीतरी हीरो सुट्टीवर. स्वयंपाकाच्या कार्यक्रमातली बाईसुद्धा इटलीला निघून गेली होती. मागं गॅसवर तिनं काय ठेवलं होतं, कुणास ठाऊक.

या सगळ्यांत मोना नावाची नटी मला सर्वांत जास्त छळायची. तिचा कार्यक्रम रविवारी सातला. ती डोंगर बघून वॉव म्हणायची, समुद्र बघून वॉव म्हणायची आणि हॉटेलातला टॉवेल बघूनही वॉवच म्हणायची. मी पाटबंधारे खात्यात क्लार्क आहे. आमच्या ऑफिसची रेकॉर्ड रूम दाखवली असती तरी ही बाई वॉव म्हणाली असती, याबद्दल मला शंका नाही.

पण खरं दुखणं मोना नव्हती. खरं दुखणं अक्षता, म्हणजे माझी बायको. ती शाळेत सातवीला भूगोल शिकवते. नाईल नदी कुठून निघते, आल्प्स कुठं संपतो, सगळं तिला पाठ. आणि स्वतः बघितलंय काय, तर गगनबावडा. लग्नानंतर आम्ही एकदाच फिरायला गेलो, तेही तिथंच, आणि तेही भर पावसाळ्यात. हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. कोकण कुठं दिसतं, असं तिनं हौसेनं विचारलं. मी धुक्यात बोट दाखवून म्हटलं, "ते काय." ते बोट कोकणाकडं नव्हतं, एसटी स्टँडमागच्या मुतारीकडं होतं, असं तिचं आजही म्हणणं आहे.

तर मोना कुठंतरी परदेशात वॉव म्हणाली की अक्षता नुसतीच "हं" म्हणायची. भांडण नाही, टोमणा नाही. फक्त हं. देश जितका लांबचा, तितका तो हं लांब. न्यूझीलंडच्या वेळी तर मला वाटलं डॉक्टरला बोलवावं लागतंय.

आई, म्हणजे सोनूबाई, खाली जमिनीवर जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसलेली असायची आणि मधूनच वर बघायची. तिला उंट, बर्फ कशाचंच काही नसायचं. तिच्या शंका वेगळ्या. या बाईची पिशवी कोण सांभाळतंय, हिला परत कधी यायचंय आणि हिच्या घरी म्हातारी माणसं असतील तर त्यांचं जेवणाखाण्याचं कोण बघतंय. याची उत्तरं मोनानं कधीच दिली नाहीत.

आता, आम्ही राहतो कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, उसाच्या रानांना लागून झालेल्या नव्या वसाहतीत. कृष्णात नावाच्या केबलवाल्यानं आमच्या गच्चीवर एक पत्र्याचा डबा बसवला होता. त्यातनं वायरी निघायच्या. एक जाडी वायर, तिला जाडी पिन. जाडी म्हणजे घरमालकाची, म्हणजे माझी, असा मी साधा हिशोब केला. त्या रविवारी सातच्या जरा आधी पाण्याची टाकी बघून येतो म्हणून वर गेलो, पिन उपसली आणि खाली येऊन हळहळत म्हणालो, "केबल गेली वाटतं."

अक्षतानं टीव्ही अजून लावला नव्हता.

ती माझ्याकडं बघत राहिली. पुढं काही विचारणार, तेवढ्यात समोरच्या घराचं दार धाडकन उघडलं आणि अण्णासो पाटील बनियनवर बाहेर आले. साखर कारखान्यातनं निवृत्त झालेला गडी, आवाज अजून भोंग्यासारखा. त्यांचा टीव्ही गेला होता. मग कोपऱ्यावरच्या चिमणाबाई आल्या, त्यांचाही गेला होता. मग एकेक दार उघडत गेलं. ती जाडी पिन माझी नव्हती, अख्ख्या गल्लीची होती. (मागच्या गल्लीचीही होती, पण ते लोक यायला जरा वेळ लागला.)

डबा आमच्या गच्चीवर, म्हणून माणसं आमच्याच दारात जमली. अण्णासोंनी कृष्णातला फोन लावला. तो वडणग्याला कुठंतरी खांबावर चढला होता. येतो म्हणाला, पण तोवर डब्याला कुणी हात लावू नका म्हणाला. ते ऐकूनही अण्णासो लुंगी खोचून जिन्याकडं निघाले. घाबरून मी मधे आडवा आलो आणि सांगितलं की त्या डब्यात करंट उतरतो, मागं एकदा मला जबरदस्त झटका बसलाय. अण्णासो थांबले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मग तूबी जायचं न्हाय बाबा वर. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरच ठाण मांडून बसले.

पिन काढणारा मी, लावायला जाणाराही मीच, आणि माझ्याच काळजीपोटी माझा रस्ता बंद झाला होता.

अक्षतानं सगळ्यांना चहा केला. माणसं कट्ट्यावर, ओसरीवर, जागा मिळेल तिथं टेकली. आणि मग एक गंमत झाली. चहा पिता पिता अण्णासो सहज म्हणाले की आज ती बया कुठं गेली असंल कुणास ठाऊक. त्यावर चिमणाबाई म्हणाल्या की कुठं का जाईना, मला तर तिचं दात बघून बघून शिसारी आलीय. मग सगळेच बोलायला लागले. उंटावरची सासू, किड्याचा नट, कुणालाच यातलं काही आवडत नव्हतं. मी चकित झालो. इतके दिवस मला वाटत होतं की अख्ख्या बावड्यात मी एकटाच वैतागलोय. न राहवून मी विचारलं, मग बघता कशाला.

"दुसरं लागतंय काय?" अण्णासो म्हणाले.

मग अण्णासोंनी आईला थट्टेनं विचारलं, आक्का, तुमी कुठं गेलता की न्हाई कधी फिरायला.

आईनं वाकळेतली सुई काढली, डोळ्याजवळ धरून दोरा ओवला आणि म्हणाली, "गेलतो की. नागपूरला."

ती लहानपणी दीक्षेला गेली होती, हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टी कुणी विचारत नाही, तसं झालं होतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा सगळं सांगायला लागली. सन छप्पन. ती दहा वर्षांची. तिचा बाप पिराजी, म्हणजे माझा आजोबा, दुसऱ्याच्या रानात राबणारा माणूस. बाबासाहेब नागपूरला बोलवतायत असं कळलं आणि तो पोरीला घेऊन निघाला. आजीनं त्याच्या धुवट धोतरातून पोरीला पांढरं परकर-पोलकं शिवलं होतं. फडक्यात भाकरी आणि ठेचा. दोघांनीही त्याआधी रेल्वे फक्त लांबून बघितली होती.

हे चाललं असताना अण्णासो नीट ऐकू यावं म्हणून पायरीवरनं उठून आईच्या जवळ सरकले. मला तेवढंच पाहिजे होतं. मी चपला काढल्या आणि जिना चढायला लागलो. निम्म्यावर पोचलो असेन, तोवर आईचा आवाज आला.

"डब्यात चढलो तर बाकडी रिकामी हुती. पर बा बसंना. खालीच बसला, दाराजवळ, मला मांडीवर घिऊन. सवयच तशी की. एकजण म्हनला, पावणं, वर बसा, जागा हाय. तर बा म्हनला, नगं, आमी हितंच बरं."

मी जिन्यातच बसलो. पिन वगैरे डोक्यातनं गेली.

आई सांगत होती. नागपूरला माणसंच माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, आणि ती बापाच्या खांद्यावर. तिला फार काही दिसलं नाही, ऐकलेलं कळलं नाही. शेजारची एक अनोळखी बाई रडत होती आणि हसतही होती, एवढं तिच्या ध्यानात राहिलं. मग परत यायची गाडी. गर्दी तुडुंब. आणि पिराजी गर्दीत घुसला तो थेट बाकड्यावर जाऊन बसला. खिडकीला.

"सारी वाट खिडकी सोडली न्हाय त्येनं," आई म्हणाली. "मी रडलो, मला बघायचंय म्हनून. तरी दिली न्हाय. कोल्हापूर येईस्तोवर बसला हुता बघत."

मी डोळे पुसले, उठलो, वर गेलो आणि आता एकदाचं हे प्रकरण संपवावं म्हणून पिन खोचली.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आली नव्हती. केबल गेल्यावर प्रत्येकानं आवाज मोठा करून बघितला होता, आणि टीव्ही तसेच चालू ठेवून माणसं आमच्याकडं आली होती. त्यामुळं पिन बसल्याबरोबर गल्लीतल्या एकूण एक घरातनं, एकाच वेळी, पूर्ण ताकदीनं मोना ओरडली, "वॉव!"

कुत्री भुंकायला लागली. आई बोलायची थांबली. आणि अण्णासोंचा भोंगा झाला, की बंद करा रे ते कुणीतरी. आयुष्यात मला एकदाच प्रसंगावधान आलं ते तेव्हा. मी पिन परत उपसली.

सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत सगळ्यांनी एकदम वर बघितलं. त्याच वेळी फाटकाशी कृष्णात मोटरसायकलवरनं उतरत होता. त्यानंही वर बघितलं.

"दादा," तो म्हणाला, "पिन तुमच्या हातात हाय."

मी पिनेकडं असं बघितलं, जणू ती मला तिथंच सापडली. मला वाटलं, आता अण्णासो मला गच्चीवरनंच खाली ओढतायत. तेवढ्यात आई सुई चालवत म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्येच्या हातात. म्होरलं सांगायचं हाय अजून." आणि कृष्णात, ज्याचं पोट केबलवर चालतं, तो हेल्मेट मांडीवर घेऊन ओसरीच्या कडेला बसला.

माणसं गेल्यावर अक्षतानं मला पिनेबद्दल एक शब्द विचारला नाही. (तो विषय तिनं राखून ठेवलाय. कधी निघेल सांगता येत नाही.) ती आईजवळ जाऊन बसली आणि विचारलं, आत्या, तुम्हाला परत जावंसं वाटलं नाही का कधी.

"वाटलं की," आई म्हणाली. "कुनी इचारलं न्हाय."

माझ्या आईला काय वाटतं हे मला माहीत नव्हतं, आणि मोना ग्रीसमध्ये काय जेवली हे मात्र तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला न जाता स्टेशनवर रांगेत उभा राहिलो. दसरा जवळ आला होता, दीक्षेला पन्नास वर्षं होत होती, आणि गर्दीत पाय ठेवायला जागा नव्हती. पण महाराष्ट्र एक्स्प्रेसची तीन तिकिटं मिळाली.

गाडीत आई सरळ खिडकीला जाऊन बसली. अक्षतानं एकदा हळूच विचारलं, आत्या, जरा बदलायचं का. आई म्हणाली, न्हाय. अक्षता तिच्या खांद्यावरनं वाकून बाहेर बघत राहिली आणि आईला दाखवत राहिली, ही काळी माती, ही केळीची रानं, ही बघा वर्धा नदी. सातवीचं अख्खं पुस्तक खिडकीबाहेरनं चाललं होतं. मी कान देऊन होतो. एकदाही हं आला नाही.

वर्धा स्टेशनला आईला चहाची तलफ आली. मी उतरलो. सुट्टे पैसे, कप, झाकणं यांत मागं वळून बघतो तर गाडी हललेली. मी तीन कप घेऊन पळालो. चहा सांडू नये म्हणून जपून पळालो, हे माझं चुकलं. आई खिडकीतनं हात करत होती. मला वाटलं, साखळी ओढा म्हणून कुणाला सांगतेय. नंतर कळलं, ती नुसता टाटा करत होती.

पुढच्या गाडीनं, एका पायावर उभा राहून मी नागपूरला पोचलो. दोघी काळजीनं अर्धमेल्या झाल्या असतील, या विचारानं मला रडू यायचं बाकी होतं. शोधत शोधत एका शाळेत गेलो, तिथं कार्यकर्त्यांनी बाहेरगावच्या लोकांची सोय केली होती. दोघी सतरंजीवर बसून अमरावतीच्या बायकांबरोबर निवांत जेवत होत्या. आईनं मला बघितलं आणि विचारलं, "चहा कुठाय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दीक्षाभूमीवर गेलो. नजर पोचेल तिथवर पांढरे कपडे. आई माझा हात सोडून जरा पुढं गेली, खाली वाकली, माती कपाळाला लावली आणि म्हणाली, "बा, आलो बघ." (इथं कंसात लिहायला माझ्याकडं काही नाही.)

परत आल्यावर गल्ली वाट बघत होती. आईनं सगळं सांगितलं, मग मागच्या गल्लीला परत सांगितलं. अक्षता मधेमधे नद्या सांगते. पुढच्या उन्हाळ्यात सारनाथला जायचं दोघींनी ठरवलंय, अण्णासो सपत्नीक येतो म्हणालेत, आणि मलाही न्यायचं असं बहुतेक ठरतंय.

परवा बसची वाट बघत उभा होतो. एक अनोळखी गृहस्थ बराच वेळ माझ्याकडं निरखून बघत होते. शेवटी जवळ आले आणि अदबीनं विचारलं, "पावणं, सोनूबाईंच्या गोष्टीत वर्ध्याला मागं राहत्यात, ते तुमीच का?"

मी जरा ताठ झालो, शर्ट नीट केला आणि होय म्हणालो.

त्यांनी समाधानानं मान हलवली. "चेहऱ्यावरनं वाटलंच," म्हणाले.